आफ्रिकाटाऊनचे कोसोला

आजच्या बेनिनमध्ये १८४१ च्या सुमारास जन्मलेल्या कोसोला यांना १८६० मध्ये दाहोमीच्या सैन्याने पकडून विकले. गुलामांच्या आयातीवर अमेरिकेत १८०८ पासूनच बंदी होती. तरीही ‘क्लोटिल्डा’ जहाजातून त्यांच्यासह सुमारे ११० जण अलाबामात उतरवले गेले. पुरावा उरू नये म्हणून जहाज जाळण्यात आले. १८६५ मध्ये सुटका झाली, पण मायदेशी परतण्याइतका पैसा जमेना. अखेर सोबत्यांसह जमीन घेऊन त्यांनी ‘आफ्रिकाटाऊन’ वसवले. तेथे ते कजो लुईस म्हणून ओळखले जात. दीर्घायुष्याला आपण वरदान मानतो. त्यांना मात्र पत्नी अबिले व सहाही अपत्यांचे मृत्यू पाहावे लागले. १९३५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, ते निवर्तले. झोरा नील हर्स्टन यांनी १९२७-२८ मध्ये टिपून घेतलेली त्यांची कहाणी पुस्तकरूपाने येण्यास २०१८ साल उजाडले.