विश्रांतीतील कॅलरी: लाव्हाझिए यांनी काय मोजले आणि तुमचे घड्याळ काय मोजत नाही

आंत्वान लाव्हाझिए हे नाव आपण शाळेत ऑक्सिजन आणि द्रव्य अक्षय्यतेच्या नियमासोबत वाचलेले असते. पण नुसते बसून राहिलेले शरीर किती ऊर्जा खर्च करते, हे प्रयोगाने मोजण्याची सुरुवातही त्यांनीच केली. आज हातातले फिटनेस घड्याळ ‘विश्रांतीतील कॅलरी’ दाखवते, त्याचे मूळ या कामात आहे.

वकिलीकडून प्रयोगशाळेकडे

लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील होते, म्हणून त्यांनीही कायद्याची पदवी घेतली. मन मात्र रसायनशास्त्रात होते. १७६८ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी कंपनीत त्यांनी भागीदारी घेतली. या कमाईतून प्रयोगशाळा उभी राहिली, आणि पुढे हीच भागीदारी त्यांच्या जिवावर बेतली. १७७१ मध्ये मारी-आन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारी-आन इंग्रजी शिकल्या, पतीसाठी शास्त्रीय लेखनाचे भाषांतर करू लागल्या आणि प्रयोगांची चित्रे व नोंदी ठेवू लागल्या.

बर्फ आणि गिनीपिग

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी एक भांडे तयार केले. आत गिनीपिग, त्याच्याभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून बर्फाचा आणखी एक थर. प्राण्याच्या उबेने दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. गिनीपिगने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून हिशोब केला, तर साधारण साडेदहा औंसच वितळायला हवा होता. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, तरी श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे हे त्यातून दिसले.

माणसावर मोजणी

१७९० च्या सुमारास त्यांनी सहकारी आर्मां सेगँ यांच्यावर प्रयोग केले. सेगँ तोंडावर मुखवटा लावून श्वास घेत आणि वापरलेला ऑक्सिजन मोजला जाई. उपाशीपोटी, उबदार खोलीत, शांत बसले असताना तो तासाला सुमारे २४ लिटर भरला. थंडीत तो थोडा वाढला, जेवणानंतर सुमारे ३८ लिटर झाला आणि उपाशीपोटी कष्टाचे काम करताना ६३ लिटरच्या आसपास गेला. कामासोबत नाडीही वाढते, हेही त्यांनी नोंदवले.

विश्रांतीचा हा आकडा आजच्या मानाने जास्त आहे. आज प्रौढ माणसात तो तासाला साधारण १५ लिटर धरतात. पण त्यांनी घालून दिलेली पद्धत टिकली. विश्रांतीतील खर्च मोजायचा तर माणूस उपाशी, स्वस्थ आणि सुखद तापमानात हवा, हा नियम आजही पाळला जातो.

फ्रेंच राज्यक्रांतीत करवसुली करणाऱ्यांवरचा लोकांचा राग उफाळून आला. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. त्याच दिवशी त्यांचे सासरेही मारले गेले. श्वसनाचे काम अर्धवट राहिले. मारी-आन यांनी काढलेली त्या प्रयोगांची चित्रे मात्र उरली. त्यांत त्या स्वतः टेबलाशी बसून नोंदी घेताना दिसतात.

मग घड्याळ काय करते?

घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. तुम्ही भरलेले वय, वजन, उंची आणि लिंग सूत्रात घालून ते अंदाज काढते. १९९० मध्ये आलेल्या मिफ्लिन-सेंट जिओर या प्रचलित सूत्राने ४५ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचा आकडा दिवसाला सुमारे ११८० कॅलरी येतो. त्यात दहा टक्के चूक सहज असू शकते, म्हणजे रोज जवळपास एका पोळीचा फरक. सारखेच वजन असले तरी स्नायू, चरबी आणि थायरॉइडची स्थिती यांनुसार खर्च बदलतो. अशी सूत्रे प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकांच्या मोजणीवर बेतलेली आहेत आणि भारतीयांमध्ये आकडा थोडा जास्त दाखवण्याची शक्यता असते.

नाडीवरूनही विश्रांतीतील खर्च नीट कळत नाही. चहा, काळजी यांनी नाडी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती मंदावते.

लक्षात ठेवा

- दिवसअखेरीस दिसणाऱ्या एकूण कॅलरींत विश्रांतीचा खर्च धरलेला असतो. तो सगळा व्यायामाचा समजून जास्त खाऊ नका.
- वजन बदलले की घड्याळातही बदला.
- एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिनाभरातले वजन आणि कमरेचा घेर पाहा.
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल, तर घड्याळ पाहून जेवण कमी करू नका. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.
- नेमका आकडा खरोखर हवा असेल, तर श्वासातील वायू मोजणारी तपासणी काही मोठ्या रुग्णालयांत होते. तत्त्व तेच आहे, सेगँ यांच्या मुखवट्याचे.