‘सेल्फ’चे जनक : चार्ल्स केटरिंग

मोटार सुरू करणे म्हणजे आज नुसती किल्ली फिरवणे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल अडकवून इंजिन हाताने फिरवावे लागे. ठिणगी अवेळी पडली, की हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. या संकटातून जगाला सोडवणाऱ्या चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचे चरित्र वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने का सांगावे? कारण त्यांच्या शोधाचे मूळ दुकानाच्या गल्ल्यात आहे!

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून दृष्टी अधू. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. पुढे कॉलेजात डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच थांबले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला लागले. पण जिद्द सुटली नाही. १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते विद्युत अभियंता झाले.

त्याच वर्षी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांना नोकरी लागली. विक्रीची नोंद करून गल्ला उघडणारे हे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवीत. केटरिंग यांनी त्यास विजेची मोटर जोडली. मोटरला क्षणभरच जोर लावायचा आहे, नंतर विश्रांतीच आहे. मग ती लहान असली तरी तेवढ्यापुरता जास्त भार सोसेल, हे त्यांनी ओळखले.

१९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी ‘डेल्को’ ही कंपनी काढली. डीड्स यांच्या घरामागील कोठार हीच त्यांची प्रयोगशाळा! कॅडिलॅक मोटारींसाठी त्यांनी बॅटरीवर चालणारी इग्निशन पद्धती तयार केली. मग हँडलची कटकट संपवण्याचे काम आले. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल, असा समज होता. केटरिंग यांना गल्ला आठवला. इंजिनालाही आरंभीचे काही क्षणच जोर हवा असतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा स्टार्टर बसला. गाडी सुरू झाल्यावर तेच यंत्र बॅटरी चार्ज करी.

पुढे इग्निशन आणि स्टार्टर एकाच किल्लीवर आले. जुन्या गाडीचे वायरिंग पाहा. किल्ली पहिल्या टप्प्यावर आणली, की इग्निशन कॉइलला वीज मिळते. पुढे फिरवली, की बारीक वायरीतून थोडी वीज सोलेनॉइडकडे जाते. तो आतला मोठा संपर्क जोडतो आणि बॅटरीच्या जाड केबलमधून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह स्टार्टरला मिळतो. एवढा प्रवाह किल्लीतून नेला, तर स्विच जळून जाईल. किल्ली सोडताच ती मागे येते, स्टार्टर थांबतो, इग्निशन चालू राहते. या दोन्ही टप्प्यांमागे केटरिंग यांचेच काम आहे. आपल्याकडे गॅरेजवाले ‘सेल्फ’ म्हणतात, तो हाच.

पण चरित्र लिहिताना एकच बाजू मांडणे म्हणजे अर्धीच खतावणी लिहिणे. १९२० ते १९४७ केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होते. १९२४ मध्ये ते संयुग बनवणारे कामगार दगावले. तरीही ते विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील मोटारींसाठीचा त्याचा शेवटचा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, ज्यांनी असंख्य मनगटे वाचवली, त्यांनीच हवेत विष मिसळण्यास हातभार लावला. माझ्या मते त्यांच्या ताळेबंदातील या दोन रकमा एकमेकींतून वजा करता येत नाहीत. दोन्ही तशाच लिहून ठेवाव्या लागतात. नफा मोजताना त्याची किंमत कोण भरणार, हे विचारण्याची सवय आपण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी लावून घ्यायला हवी.