सुझनची कुत्री

सुझन बुचरचं नाव घेतलं, की मला तिच्या चार विजयांआधी १९८५ची हारच आठवते. अलास्कातली इडिटारोड म्हणजे कुत्र्यांच्या बर्फगाड्यांची शर्यत, अँकरेज ते नोम, सुमारे १,६०० किलोमीटर! त्या वर्षी वाटेत मूस, म्हणजे सांबराहून कितीतरी थोराड हरीण, तिच्या कुत्र्यांवर तुटून पडलं. दोन कुत्री गेली, बरीच जखमी झाली. सुझनने शर्यत सोडली. लिबी रिडल्स पहिली महिला विजेती ठरली. हा मान सुझनच्या हातून गेला तो गेलाच. पण बाई खचली नाही हो! १९८६, ८७, ८८ आणि ९०मध्ये जिंकली. ग्रॅनाइट हा तिचा लाडका म्होरक्या. २००६मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती गेली, ५१व्या वर्षी. मागे नवरा आणि दोन लहान लेकी.