पंचांग तपासणारे केरूनाना

समजा, तुम्ही जुने वेळापत्रक घेऊन जयसिंगपूरच्या रेल्वे स्टेशनवर गेलात. त्यात छापलेल्या वेळेला तुम्ही पोहोचलात. पण गाडी केव्हाच निघून गेली होती! चूक तुमची नाही, कागदाची आहे. अशाच एका कागदाची चूक दुरुस्त करणाऱ्या विद्वानाची ही ओळख आहे.

त्यांचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. त्यांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळ नागाव येथे झाला. मुंबईत चुलत्यांकडे राहून ते शिकले. लहान वयातच त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी मिळाली. तेथे अचूक नोंदी ठेवण्याची सवय त्यांना लागली. पुढे ते पुण्यात प्राध्यापक झाले. गणित आणि पदार्थविज्ञान यांवर त्यांनी मराठीत शालेय पुस्तके लिहिली. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

तुम्ही उर्दूत जिला जंतरी म्हणता, तसेच मराठीत पंचांग असते. त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञ यांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ १५२० सालचा. तो सोपा आणि उत्तम होता. परंतु तीन शतकांत आकाश आणि आकडे यांत अंतर पडले. घड्याळ रोज एक मिनिट पुढे जाऊ लागले, तर महिन्यात अर्धा तास चुकते ना? तसेच हे झाले. पंचांगकर्ते उदाहरणाप्रमाणे बिनचूक गणित करीत, तरी ग्रहणाची वेळ जुळत नसे.

केरूनानांनी जुन्या ग्रंथाला नावे ठेवली नाहीत. युरोपातील नव्या शोधांचा अभ्यास करून त्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके हे मराठी पुस्तक तयार केले. ते १८६० साली प्रसिद्ध झाले. आता इतरांनाही गणित करून उत्तर आकाशाशी ताडून पाहता येऊ लागले. १८६५ पासून त्यांच्या गणितावर आधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले.

पण रूढी लवकर सुटत नाही. पुष्कळ लोक जुनेच पंचांग वापरत राहिले. केरूनाना १८८४ साली वारले. पुढे टिळकांनीही पंचांग सुधारण्याच्या कामाला पाठिंबा दिला.

मुलांनो, पुस्तकातले उदाहरण तुम्हीही स्वतः सोडवून पाहा. उत्तर जुळले नाही, तर शिक्षकांना विचारा. चूक सापडली, तर ती दुरुस्त करा; म्हणजे तुमच्यामागून येणारा फसणार नाही.