लूक 10 : 1-12 — गिरणीवाले जॉन रिडली

आजच्या शास्त्रभागात प्रभू शिष्यांना पाठवण्याआधी कापणीविषयी बोलतो. आपण हे वचन सुवार्तेच्या कामासाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण 1843 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांना ते अगदी शब्दशः लागू पडत होतं. गहू पिकून उभा आणि कापायला माणसंच नाहीत. तिकडच्या कोरड्या उन्हात चार दिवस उशीर झाला की दाणे गळून मातीत जातात.

जॉन रिडली यांचा जन्म 1806 चा, इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यातला. वडील गिरणीवाले. जॉन पाच वर्षांचे असताना वडील वारले आणि आईने गिरणी चालवली. मला या घराण्यात खरी मोठी वाटते ती ही बाई. पदरात लहान पोर, आणि तिने जातं थांबू दिलं नाही. पंधराव्या वर्षी मुलगा कामाला लागला आणि तरुणपणीच मेथडिस्ट मंडळींत उपदेशही करू लागला. पाळकाची दीक्षा नाही, पगार नाही. आठवडाभर पीठ आणि रविवारी वचन!

1840 मध्ये पत्नी मेरी आणि दोन तान्ह्या मुलींना घेऊन ते अॅडलेडला उतरले आणि जवळच हिंडमार्शला त्यांनी वाफेवरची पिठाची गिरणी घातली. (ती सगळी जमीन मूळची कौर्ना लोकांची होती, हेही इथे सांगायला हवं.)

कापणीची अडचण सोडवणाऱ्या यंत्रासाठी तिथल्या एका समितीने बक्षीस ठेवलं. लोकांनी नमुने आणले, पण एकही पसंत पडला नाही. रिडली त्या स्पर्धेत उतरलेच नाहीत. प्राचीन रोमी काळी गॉल प्रांतात एक गाडा वापरत, बैल मागून ढकलायचा आणि पुढचे दाते लोंब्या ओरबाडायचे, त्याचं वर्णन त्यांनी वाचलेलं होतं. त्यावरून त्यांनी यंत्र बांधलं. मागे घोडे, पुढे फणी, आणि आत फिरणाऱ्या फळ्या लोंब्या झोडपून दाणे मोकळे करणार. काड शेतातच उभं राहायचं. म्हणजे कापणी आणि मळणी एकाच फेरीत. नोव्हेंबर 1843 मध्ये ते उभ्या पिकात चाललं.

आता खरी परीक्षा. पेटंट घेतलं असतं तर वसाहतीतल्या प्रत्येक यंत्रामागे पैसा मिळाला असता. रिडलींनी पेटंट घेतलं नाही. ज्याला बनवायचं त्याने बनवावं. ते काही गरीब नव्हते, गिरणीत चांगलं कमावत होते, म्हणून कुणी म्हणेल की त्यांना सोपं होतं. मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी हवं असतं, हे आपण मंडळीतही पाहतो.

पैसा सोडला, पण वाद सुटला नाही. जॉन रॅथल बुल नावाच्या शेतकऱ्याने कल्पना आपली असल्याचा दावा केला आणि तो तंटा वर्षानुवर्षं चालला. रिडली 1853 मध्ये इंग्लंडला परतले होते. म्हातारपणी त्यांना आपली बाजू पत्रातून मांडावी लागली. नफा सोडणं एक, नाव सोडणं दुसरं. दुसरं जास्त जड जातं.

1887 मध्ये लंडनला ते वारले. मुलगी अॅनी हिने 1904 साली वडिलांचं चरित्र छापलं. अॅडलेडच्या शेतकी प्रदर्शनाच्या मैदानाला आज त्यांच्या नावाची वेस आहे.

उद्या तेराव्या वचनापासून पुढे वाचू.