मठाधिपति ग्रेगोर मेंडेल आणि पेशींतील ठेवा

बाप्तिस्म्याला जमलेलीं वडील माणसें बाळाकडे पाहून त्याचें नाक बापावर गेलें कीं आजोबांवर, याची चर्चा हटकून करितात. परंतु हा वारसा देहांत नेमका कोठें सांठविलेला असतो, हें कळण्यास मनुष्यजातीस फार दिवस लागले. त्या ज्ञानाचा पाया एका कॅथलिक धर्मगुरूनें मठाच्या बागेंत घातला, म्हणून त्यांचें अल्प चरित्र वाचकांस येथें सादर करितों.

योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ सालच्या जुलै महिन्यांत ऑस्ट्रियन साम्राज्यांतील सायलेशिया प्रांतीं, हाइन्त्सेनडॉर्फ नांवाच्या खेड्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. १८३८ सालीं लाकडाचा ओंडका अंगावर येऊन वडील जबर जखमी झाले आणि घरची स्थिति खालावली. तेव्हां धाकटी बहीण तेरेझिया हिनें आपल्या हुंड्याचा कांहीं भाग भावाच्या शिक्षणासाठीं दिला. पुढें तिच्या मुलांच्या शिक्षणास हातभार लावून मेंडेल यांनीं तें ऋण फेडलें.

१८४३ सालीं ते ब्रनो शहरांतील संत थोमाच्या ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले. ग्रेगोर हें नांव त्यांस तेथेंच मिळालें. १८४७ सालीं त्यांस गुरुदीक्षा झाली. परंतु रुग्णांच्या शय्येपाशीं जाण्याचें काम त्यांस सोसेना. तेथील यातना पाहून ते स्वतःच आजारी पडले. मठाधिपति नाप यांनीं ही अडचण ओळखून त्यांस शिक्षकाच्या कामीं लाविलें. शिक्षकांच्या परीक्षेंत मात्र ते १८५० सालीं नापास झाले. मध्यंतरीं दोन वर्षें व्हिएन्ना विद्यापीठांत अध्ययन करूनहि १८५६ सालीं ती परीक्षा त्यांच्या हातून पुरी झाली नाहीं. हें लपविण्याचें आम्हांस कांहींच कारण दिसत नाहीं.

त्याच १८५६ सालीं त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्यावरील प्रयोग आरंभिले. कोवळें फूल उघडून त्यांतील पुंकेसर चिमट्यानें काढावयाचे, दुसऱ्या जातीचे परागकण त्यावर घालावयाचे, फूल बांधून ठेवावयाचें आणि पुढें प्रत्येक शेंगेंतील दाणे मोजावयाचे, हा क्रम सुमारें आठ वर्षें व सुमारें अठ्ठावीस हजार झाडांवर चालला. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला असतां पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल आले. सुरकुती नाहींशी झाली असें वाटावें, तोंच दुसऱ्या पिढींत ५,४७४ गोल दाण्यांबरोबर १,८५० सुरकुतलेले दाणे निघाले. म्हणजे तिनास एक. यावरून मेंडेल यांनीं असें अनुमान काढिलें कीं, प्रत्येक गुणाचे स्वतंत्र घटक असतात, ते एकमेकांत विरघळून जात नाहींत, आणि परागांत किंवा बीजांडांत जोडीपैकीं एकच घटक उतरतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे घटक पेशीच्या कोणत्या भागांत राहतात, हें मेंडेल यांस ठाऊक नव्हतें. आपल्या धर्मगुरूंस सर्वच श्रेय देण्याच्या उत्साहांत याचा विसर पडूं नये.

१८६५ सालच्या ८ फेब्रुवारीस व ८ मार्चास त्यांनीं आपला निबंध ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळांत वाचला. पुढील वर्षीं तो छापला गेला. विद्वानांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. १८६८ सालीं ते मठाधिपति झाले आणि १८७४ सालच्या कायद्यान्वयें मठांवर बसलेल्या कराविरुद्ध अखेरपर्यंत झगडले. हा हट्ट न्यायाचा असेलहि. पण आमच्या मतें त्यानें त्यांचीं उरलेलीं वर्षें खाल्लीं. १८८४ सालीं ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणादिवशीं, त्यांनीं देह ठेविला.

मेंडेल हयात असतांनाच, १८६९ सालीं, जर्मनींतील ट्युबिंगेन येथें फ्रीडरिश मीशर यांनीं इस्पितळांतील पट्ट्यांवरील पू धुऊन त्यांतील पेशींच्या केंद्रकांतून एक फॉस्फरसयुक्त द्रव्य वेगळें केलें होतें. तें द्रव्य आणि मेंडेल यांचे घटक यांचा संबंध तेव्हां कोणाच्याच ध्यानीं आला नाहीं. १९०० सालीं द फ्रीस, कोरेन्स व चेरमाक यांनीं मेंडेल यांचे नियम पुनः उजेडांत आणिले. १९०२-०३ सालीं बोव्हेरी व सटन यांनीं दाखविलें कीं, केंद्रकांतील गुणसूत्रें जोडीजोडीनें असून बीजपेशींत त्यांतील एकेकच जातें. म्हणजे घटकांची वागणूक आणि गुणसूत्रांची वागणूक एकच. जोडींतील गुणसूत्रें एकमेकांशीं तुकड्यांची अदलाबदल करितात, हें मत १९०९ सालीं मांडणारे लुव्हेन येथील यान्सेन्स हेहि धर्मगुरूच होते. अखेर १९४४ सालीं एव्हरी व त्यांचे सहकारी यांनीं जंतूंवरील प्रयोगांनीं डी.एन.ए. हेंच वारशाचें द्रव्य असल्याचें दाखविलें. मीशर यांस सांपडलें होतें तें हेंच.

तथापि केंद्रक हें एकच स्थान नव्हे. १९०९ सालींच कोरेन्स यांस आपल्या अंगणांतहि फुलणाऱ्या गुलबक्षीच्या ठिपकेदार पानांत असा एक गुण आढळला कीं, तो केवळ मातृवृक्षाकडूनच येई. पुढें कळलें कीं, पानांतील हरितकणिकांत स्वतःचें डी.एन.ए. असतें. तसेंच तें पेशीस शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिकांतहि असतें. मनुष्याच्या तंतुकणिकेंत ३७ जनुकें असून तीं मुलास आईकडून मिळतात. उलट आपल्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रकहि नसतें व तंतुकणिकाहि नसतात.

२०२१ सालीं ब्रनोच्या दफनभूमींतून मेंडेल यांचे अवशेष काढण्यांत आले आणि त्यांतील डी.एन.ए.चें वाचन झालें. मृत्यूनंतर १३७ वर्षें तें त्यांत टिकून राहिलें होतें.