सावळाराम लक्ष्मण हळदणकर

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (२५ नोव्हेंबर १८८२ – १९६८) हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अग्रगण्य मराठी चित्रकार, कलाशिक्षक आणि मुंबईच्या आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे एक संस्थापक होते. वास्तववादी शैलीत काम करणाऱ्या हळदणकरांचे जलरंग व तैलरंग या दोन्ही माध्यमांवर प्रभुत्व होते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात असलेले ‘ग्लो ऑफ होप’ हे त्यांचे जलरंगचित्र भारतभर परिचित आहे. हाती दिवा घेतलेली स्त्री हा त्याचा विषय. हे चित्र राजा रविवर्मा यांचे आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती आणि ती अजूनही पुरती मावळलेली नाही. चित्रकारांची कामे त्यांच्या नावानिशी लोकांसमोर यावीत यासाठी ज्यांनी संस्था उभारली, त्यांच्याच चित्रावर दुसऱ्याचे नाव चिकटावे, हा त्यांच्या चरित्रातील मोठा विरोधाभास आहे.

जन्म व शिक्षण

हळदणकरांचा जन्म सावंतवाडी येथे झाला. गोव्याच्या सीमेलगतचे सावंतवाडी हे तेव्हा भोसले घराण्याचे संस्थान होते. लाखकाम केलेली लाकडी खेळणी आणि हाताने रंगविलेली गंजिफा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. गंजिफाच्या वाटोळ्या पानांवर दशावतार रेखाटणारे तेथील चितारी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले. मात्र अशा कामावर कारागिराने आपले नाव घालण्याची रीत नव्हती. वस्तू गावाच्या नावाने ओळखली जाई. चित्रकाराने चित्राच्या कोपऱ्यात सही करावी, चित्र चौकटीत बसवून सार्वजनिक दालनात टांगावे आणि अनोळखी माणसांनी ते पाहून त्याच्याविषयी मत बनवावे, ही पद्धत नवी होती. ती इंग्रजी अमदानीतील कलाशाळांबरोबर आली.

बालपणापासून चित्रकलेची उत्तम जाण दिसून आलेले हळदणकर १९०३ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेचे प्राचार्य त्या वेळी सेसिल बर्न्स होते. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हेही हळदणकरांचे शिक्षक होते. शाळेतील शिक्षण युरोपीय कलाशाळांच्या धर्तीवर चाले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, छायाप्रकाशाचा अभ्यास, यथार्थदर्शन आणि समोर बसलेल्या माणसावरून व्यक्तिचित्रण असा त्याचा क्रम असे. हळदणकरांच्या चित्रांत शेवटपर्यंत आढळणारी रेखाटनाची शिस्त या शिक्षणातून आली.

हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट

१९०८ मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःचे चित्रकला विद्यालय काढले. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. सरकारी शाळेबाहेर चित्रकला शिकविणाऱ्या मुंबईतील जुन्या खासगी संस्थांत या विद्यालयाची गणना होते. चित्रकलेच्या शासकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास माध्यमिक शाळेत चित्रशिक्षकाची नोकरी मिळू शके. सामान्य स्थितीतील मराठी मुलाला चित्रकलेवर पोट भरण्याचा तोच खात्रीचा मार्ग होता. संस्थानिकांचा आश्रय किंवा धनिकांची व्यक्तिचित्रे यांवर निर्वाह चालविणे मोजक्यांनाच जमे. हळदणकरांचे पुत्र गजानन हळदणकर हेही पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आले.

आर्ट सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना

हळदणकर मुंबईत आले, तेव्हा तेथील कलाप्रदर्शनांचे केंद्र बॉम्बे आर्ट सोसायटी हे होते. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या कारभारात प्रारंभीच्या काळात युरोपीय अधिकारी व हौशी चित्रकार यांचेच वर्चस्व होते. तिने भारतीय कलावंतांना दारे बंद ठेवली होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. धुरंधरांना १८९५ मध्ये तिचे सुवर्णपदक मिळाले होते आणि पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाचा तिने गौरव केला होता. परंतु पारितोषिक मिळणे आणि निवड करण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

प्रदर्शनाची घडण पाहिली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. आलेल्या कामांतून कोणती स्वीकारावयाची आणि कोणती परत पाठवावयाची, हे निवड समिती ठरविते. स्वीकारलेले चित्र डोळ्यांच्या पातळीवर टांगले जाते की छताजवळच्या रांगेत, यावर ते पाहिले जाण्याची शक्यता अवलंबून असते. सूचिपत्रात चित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक आणि किंमत छापली जाते. वर्तमानपत्रांतील परीक्षणे त्यावरून लिहिली जातात आणि ग्राहकही त्यावरूनच चित्रकाराचा शोध घेतो. ज्याचे नाव सूचिपत्रात नाही, तो चित्रकार शहराच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) हे याचे बोलके उदाहरण होय. जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेला हा असामान्य निसर्गचित्रकार हयातीत मुंबईच्या कलाजगतापासून दूरच राहिला आणि त्याची बरीचशी चित्रे नष्ट झाली.

१९१८ मध्ये हळदणकरांनी काही चित्रकार सहकाऱ्यांसह मुंबईत आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धाचे ते अखेरचे वर्ष होते. भारतीय कलावंतांनी भारतीय कलावंतांसाठी चालविलेली, देशभरातील चित्रकार-शिल्पकारांची कामे मागवून त्यांचे प्रदर्शन भरविणारी आणि गुणवत्तेनुसार पारितोषिके देणारी सभासदांची संस्था, असे तिचे स्वरूप राहिले आहे. राजाश्रय किंवा सरकारी खाते यांऐवजी स्वतः कलावंतच येथे आयोजक होते. पुढे हळदणकर या संस्थेचे अध्यक्षही झाले.

प्रदर्शनांसाठी मुंबईत हक्काचे कायम दालन मात्र अनेक वर्षे नव्हते. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभारलेली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. म्हणजे सोसायटीच्या स्थापनेनंतर तब्बल चौतीस वर्षांनी. तोवर कलासंस्थांना इतर कामांसाठी बांधलेली सभागृहे मिळवून काही दिवसांपुरते प्रदर्शन भरवावे लागे. दरवर्षी नव्याने जागा शोधून, चित्रे गोळा करून, टांगून, पुन्हा उतरवून ज्याची त्याला परत करण्याचे हे काम कलेच्या इतिहासात सहसा नोंदले जात नाही. वास्तविक मुंबईचा रसिकवर्ग घडला तो अशाच खटाटोपातून.

चित्रकार म्हणून कार्य

संस्थात्मक कामाबरोबर हळदणकरांचे चित्रलेखन अखंड चालू होते. व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे आणि दैनंदिन जीवनातील प्रसंग हे त्यांचे मुख्य विषय. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्स या संस्थेच्या प्रदर्शनात १९१५ मध्ये त्यांचे काम मांडले गेले. मुंबईखेरीज कलकत्ता, मद्रास, दिल्ली, सिमला येथील प्रदर्शनांतही त्यांच्या चित्रांना पारितोषिके मिळाली.

१९२५ मध्ये ‘मोहमेडन पिल्ग्रिम’ या चित्रासाठी त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. वेगळी संस्था काढून सात वर्षे झाल्यावरही हळदणकर जुन्या संस्थेच्या प्रदर्शनात चित्र पाठवीत होते आणि तिनेही त्यांना मोठा मान दिला. यावरून दोन्ही संस्थांमधील नाते केवळ भांडणाचे होते, ही कल्पना टिकत नाही. चित्रकाराला एकाऐवजी दोन दारे खुली झाली, एवढाच नव्या संस्थेचा व्यवहारातील अर्थ होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत भारतीय शैलीच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार होऊ लागला. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेने पाश्चात्त्य वास्तववाद आधीच नाकारला होता. मुंबईत जे. जे. स्कूलचे संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांच्या वर्गाला उत्तेजन दिले. हळदणकर मात्र या वादात न शिरता वास्तववादी शैलीशी एकनिष्ठ राहिले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि अमरावती जिल्ह्यात जन्मलेले हरि अंबादास गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्या तरुणांनी नाकारलेल्या अकादमिक परंपरेत हळदणकरही येत होते. आधुनिक भारतीय कलेचे बहुतेक इतिहास या गटापासून जोमाने सुरू होतात आणि त्याआधीच्या पिढीची बोळवण एक-दोन परिच्छेदांत करतात. हळदणकरांविषयीचे लेखन तुटपुंजे राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

‘ग्लो ऑफ होप’ आणि कर्तृत्वाचा गोंधळ

एका हातात पेटता दिवा धरून दुसऱ्या हाताच्या तळव्याने त्याच्या ज्योतीला आडोसा करणारी तरुण स्त्री, एवढाच या चित्राचा विषय आहे. ज्योतीच्या उजेडाने तिची बोटे आतून उजळल्यासारखी दिसतात. तोच प्रकाश चेहऱ्यावर व साडीवर पसरतो आणि उरलेला भाग अंधारात विरत जातो. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती.

चित्राचे माध्यम जलरंग आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. तैलरंगात गडद भागावर फिकट रंग चढवून उजेड दाखविता येतो, चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगविता येतो. पारदर्शक जलरंगात मुख्यतः कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. तो आधीपासून राखावा लागतो आणि एकदा झाकला गेला की पूर्ववत करणे अवघड असते. काळोख्या पार्श्वभूमीवर एकाच ज्योतीचा प्रकाश दाखविण्यासाठी हे माध्यम निवडणे म्हणजे अवघड वाट जाणूनबुजून धरणे होय. या चित्राचे खरे मोल या निवडीत आहे.

जगनमोहन राजवाडा १८६१ मध्ये बांधला गेला. तेथील संग्रहालय आता श्री जयचामराजेंद्र कलादालन म्हणून ओळखले जाते. रविवर्मा यांनी म्हैसूर दरबारासाठी चित्रे काढली होती आणि त्यांची अनेक चित्रे याच संग्रहात आहेत. त्यांच्या सान्निध्यात असलेली, साडी नेसलेली, वास्तववादी शैलीतील देखणी स्त्री प्रेक्षकांनी रविवर्मा यांच्या नावावर जमा करावी, हे समजण्याजोगे आहे. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढून आपल्या चित्रांच्या प्रती घरोघर पोहोचविल्या होत्या. त्यामुळे त्या धाटणीचे कोणतेही चित्र त्यांचेच, हा समज देशभर पक्का झाला. पुढे या चित्राच्याही असंख्य प्रती निघाल्या. प्रती काढणाऱ्यांनी मूळ चित्रकाराचे नाव छापण्याची फारशी तसदी घेतली नाही.

रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, तेव्हा हळदणकर अजून तरुण होते. रविवर्मा यांची ख्याती मुख्यतः तैलचित्रांवर आधारलेली आहे. या दोन बाबी लक्षात घेतल्या तरी चित्राच्या कर्तृत्वाविषयी शंका उरू नये. तरीही दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे आणि अलीकडे समाजमाध्यमे यांतून ते रविवर्मा यांच्या नावाने फिरत असते.

उत्तरायुष्य

ललित कला अकादमीने हळदणकरांना फेलोशिप देऊन सन्मानित केले. १९६८ मध्ये वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या गीता उपळेकर यांचे २०१८ मध्ये कोल्हापूर येथे वयाची शंभरी ओलांडल्यानंतर निधन झाले. त्या वेळी अनेक वृत्तपत्रांनी त्यांची ओळख दिवा घेतलेल्या त्या स्त्रीचे मूळ रूप अशी करून दिली आणि त्या निमित्ताने चित्रकाराचे नावही पुन्हा छापून आले. त्याच वर्षी आर्ट सोसायटी ऑफ इंडियाला शंभर वर्षे पूर्ण झाली. देशभरातून कलाकृती मागवून वार्षिक प्रदर्शन भरविण्याची तिची प्रथा शताब्दीनंतरही चालू आहे.